चौदा महिने, ३७ चकरा आणि एक ड्रायर

मागच्या आठवड्यात आमच्या बचत गटातली एक वहिनी घरी आली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळी कागदं, आणि म्हणाली ताई तुम्हाला कर्ज मिळालं ते कसं एकदा नीट सांगा, मला बँकेतनं तिसऱ्यांदा परत पाठवलंय. सांगायला बसले तर संध्याकाळ झाली आणि तरी निम्मं राहिलंच. म्हणून सगळं तारखेनिशी लिहून काढतेय. माझ्याकडे एक वही आहे, प्रत्येक चकरेची तारीख आणि खर्च त्यात आहे. ज्यांच्या हातात पैसा नाही, घर स्वतःच्या नावावर नाही आणि तरी काहीतरी चालू करायचंय त्यांना यातलं थोडं तरी उपयोगी पडेल.

आम्ही सोलापूरचे, विडी घरकुल भागात राहतो. सासूबाई आयुष्यभर विड्या वळत आल्या, मिस्टर यंत्रमागावर, टॉवेलचा कारखाना. २०२० च्या लॉकडाऊनला कारखाना बंद पडला, मग निम्मा चालू झाला आणि २०२१ च्या दिवाळीनंतर मालकाने मागच विकून टाकले. तेव्हापासून मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत बदली कामावर जातात, आठवड्यात तीन दिवस नाहीतर चार दिवस, दिवसाला साडेचारशे. दोन पोरं शाळेत. मला हातात येत होतं ते एकच काम, ज्वारीची भाकरी.

सोलापूरची कडक भाकरी माहीत नसेल तर सांगते, ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून एकदम पातळ भाकरी थापायची, तव्यावर दोन्हीकडून भाजायची आणि मग बारीक आचेवर कपड्याने दाबत दाबत पार कडक होईपर्यंत वाळवायची. पाणी राहिलं नाही की महिना दीड महिना टिकते, शेंगाची चटणी आणि दही घेतलं की जेवण झालं. पीठ ताजंच लागतं, चार-पाच दिवसाचं झालं की विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि थापताना कडेला चिरा पडतात. म्हणून दळायचं थोडं थोडं आणि रोजच्या रोज.

जानेवारी २०२२ मध्ये गटातून ३,००० रुपये उचलले, महिन्याला दोन टक्के व्याज, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणली, तेव्हा मला ३४ रुपये किलोने मिळाली होती. रोज पाच-सहा किलोच्या भाकरी, पाच भाकरीचं पाकीट, दुकानात ४० ला विकायचे आणि आपल्याला ३२ द्यायचे. चार दुकानं आणि दोन खाणावळी धरल्या. ज्वारी, दळण, गॅस, पाकीट जाऊन दिवसाला साडेतीनशेच्या आसपास उरत होते, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात पाहुण्यांमुळे जास्त जातात. आम्हाला वाटलं बसली घडी.

मग जून आला. पहिले दोन पाऊस झाले आणि सगळ्यात मोठ्या दुकानदाराचा फोन, वैनी माल परत घेऊन जा, गिऱ्हाईक तोंडावर आणून टाकतंय. गेले तर पाकीट न फोडताच कळत होतं, भाकरी हातात वाकत होती. मोडायच्या ऐवजी वाकत होती. कडक भाकरी सादळली की ती ना मऊ भाकरी राहते ना कडक, चामट होते. १४० पाकिटं परत आली, म्हणजे साडेचार हजाराचा माल. आठ दिवस आम्ही घरात तीच खाल्ली, तव्यावर परत गरम करून. त्या पावसाळ्यात तीन महिने धंदा जवळपास बंद होता आणि गटाचं व्याज चालू होतं. तेव्हा कळलं की ड्रायर असल्याशिवाय हा धंदा वर्षातले आठ-नऊ महिनेच आहे. ट्रे ड्रायरची किंमत विचारली तर ९६,००० रुपये.

१७ ऑगस्ट २०२२, वहीतली पहिली चकर. घराजवळच्या एका बँकेत गेले, मुद्रा लोनच्या शिशु गटात ५० हजारापर्यंत मिळतं हे ऐकलं होतं. म्हणलं निम्मे तरी होतील. काऊंटरवर विचारलं तर म्हणाले आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचे रिटर्न, आहेत का तीन वर्षाचे. नाही म्हणलं. मग म्हणाले धंद्याचं लायसन आणा, ते घेऊन गेले... नाही, लायसन काढायलाच मला पुढे वेळ लागला, पण विचारायला परत गेले तेव्हा दुसरे साहेब होते, ते म्हणाले तुमचा सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीची नोंद, बघावा लागेल, आणि स्क्रीनकडे बघून म्हणाले तुमचं जुनं थकीत आहे, होणार नाही. एवढंच. कागदावर काही दिलं नाही.

थकीत कशाचं हेच मला कळेना. पंधरा दिवस मी हाच विचार करत होते की माझ्या नावावर कुणी कर्ज काढलं की काय. शेवटी भाच्याने मोबाईलवर रिपोर्ट काढून दिला. हे सगळ्यांनी करा, सिबिल धरून अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असा नियम आहे, कुणाला पैसे देऊ नका. त्यात दिसलं की २०१९ मध्ये पोराच्या आजारपणात महिलांच्या गटावर मिळणारं जे मायक्रोफायनान्सचं २५ हजाराचं कर्ज घेतलं होतं त्याचे लॉकडाऊनमध्ये राहिलेले २,३४० रुपये अजून बाकी दिसत होते. वसुलीला येणारा माणूसच नंतर यायचा बंद झाला होता, आम्ही समजत होतो फिटलं. ऑफिस शोधून पैसे भरले, पावती घेतली आणि अडून बसून नो ड्यूजचं पत्र घेतलं. तिथल्याच माणसाने लगेच विचारलं, ताई नवीन ४० हजार देऊ का, उद्या खात्यात येतील. खरं सांगते, मन डळमळलं. एकीकडे बँक दारात उभी करत नाही आणि इथं माणूस फॉर्म घेऊन बसलाय. पण दर पंधरा दिवसाला हप्ता आणि व्याज पंचवीस टक्क्याच्या घरात, पावसाळ्यात हप्ता कुठनं भरणार होते. नको म्हणून आले. रिपोर्टमधलं ते थकीत निघायला डिसेंबर उजाडला.

ऑक्टोबरमध्ये गटाच्या मीटिंगला आलेल्या ताईंनी पीएमएफएमईचं सांगितलं, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या लहान उद्योगांसाठी, २०२० मध्ये सुरू झालेली. आपल्याकडे कृषी विभागामार्फत चालते. प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आपला वाटा कमीत कमी १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. गटातल्या बायकांना याच योजनेत प्रत्येकी ४० हजारापर्यंत बीज भांडवलही आहे पण ते गटामार्फत येतं, आमच्या गटाचं रेकॉर्ड तेव्हा अपुरं होतं. खाण्यापिण्याचा धंदा नसेल तर पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना बघा, त्यात बाईचा स्वतःचा वाटा ५ टक्केच लागतो, मात्र अनुदान शहरात २५ आणि खेड्यात ३५ टक्के. मी शहरातली आणि माल खाण्याचा म्हणून मला पीएमएफएमई बरी पडली.

या योजनेत जिल्ह्याला डीआरपी म्हणजे संसाधन व्यक्ती नेमलेले असतात, अर्ज भरण्यापासून बँकेत पाठपुरावा करण्यापर्यंत ते मदत करतात आणि त्यांना मानधन सरकार देतं, तेही कर्ज मंजूर झाल्यावर. आपल्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. हे आधी माहीत असतं तर मी त्या एजंटाकडे गेलेच नसते ज्याने फाईलचे पाच हजार आधी आणि अनुदानाचे दहा टक्के नंतर असं सांगितलं होतं. पाच हजार नव्हतेच माझ्याकडे म्हणून वाचले. आम्हाला भेटलेले डीआरपी चांगले होते, पहिल्याच भेटीत त्यांनी वहीच्या पानावर लागणारी कागदं लिहून दिली. आधार, पॅन, सहा महिन्याचं बँक स्टेटमेंट, शाळेचा दाखला, उद्यम (लहान धंद्याची सरकारी नोंदणी), फूड लायसन, मशीनचं जीएसटीचं कोटेशन, जागेचा पुरावा, लाईट बिल. ते पान अजून माझ्याकडे आहे.

उद्यम नोंदणी फुकट आहे, मोबाईलवर होते. पण त्याला आधारचा ओटीपी लागतो आणि माझ्या आधारला जो नंबर होता तो सहा वर्षापूर्वी बंद पडलेला. आधार केंद्रात दोन दिवस नंबर लागला नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जाऊन बसले तेव्हा झालं, ५० रुपये. म्हणून पहिलं काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी आधारला चालू मोबाईल नंबर हेच सांगते, बाकी सगळं त्याच्यावर अडतं. फूड लायसन म्हणजे एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचं बेसिक रजिस्ट्रेशन, तेव्हा १२ लाखाच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये होते, मी पाच वर्षाचं एकदम ५०० भरून काढलं, नऊ दिवसात आलं. बाहेर यालाच दीड-दोन हजार मागतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, त्याला दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, ४०० गेले. लग्नाचं सर्टिफिकेट काढून ठेवलेलं असतं तर हे वाचलं असतं, आम्ही कधी काढलंच नव्हतं.

सगळ्यात अवघड गेलं ते जागेचं. घर सासऱ्यांच्या नावावर, ते २०१६ मध्ये वारले आणि वारस नोंद केलेलीच नाही. लाईट बिल अजून त्यांच्याच नावाने येतं. धंदा जिथं करणार तिथली सगळ्या वारसांची संमती लागेल असं डीआरपी म्हणाले. वारस म्हणजे सासूबाई, मिस्टर, अक्कलकोटला दिलेली नणंद आणि भिवंडीला असलेले दीर. ते तिकडे माग चालवतात, आमच्याकडचे बरेच जण भिवंडीला गेलेत तसे. नणंद लगेच हो म्हणाली. दिरांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैनी, तुमच्यावर विश्वास आहे, पण उद्या हप्ते थकले आणि बँकेनं घराला कुलूप लावलं तर आईला कुठं ठेवायचं?"

मी म्हणलं भाऊजी घर तारण नाहीच आहे, लहान उद्योगाच्या १० लाखापर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते म्हणाले तोंडी सांगून काय होतंय. नंतर बावीस दिवस या विषयावर फोन नाही. घरात मिस्टर माझ्यावर चिडलेले, भावाभावात वाद नको, सोडून दे हे. मला तेव्हा दिरांचा राग आला होता पण आता विचार केला की वाटतं त्यांचं बरोबर होतं. आमच्या सगळ्यांकडे मिळून ते एकच घर आहे. कागद न वाचता सही केली असती तर ते वेड्यासारखं झालं असतं.

मग मी असं केलं, डीआरपींकडून योजनेचं मराठीतलं माहितीपत्रक घेतलं, तारणाचा मुद्दा पेनाने खूण करून फोटो पाठवला. आणि संमतीपत्राचा मजकूर सहीच्या आधीच तयार करून तोही पाठवला, त्यात घातलं की जागा फक्त व्यवसायासाठी वापरायला संमती आहे, या संमतीने कुणाचाही हिस्सा कमी-जास्त होणार नाही आणि जागेवर कुठलाही बोजा चढवला जाणार नाही. त्यांनी रात्री वाचलं आणि एक शब्द बदलायला सांगितला, "व्यवसायासाठी" च्या जागी "भाकरी व्यवसायासाठी". २६ डिसेंबर २०२२ ला रात्रीच्या गाडीने आले. कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसतो तिथं आम्ही सगळे. शंभरचा स्टॅम्प, टायपिंग दीडशे, नोटरी तीनशे. सासूबाईंचा अंगठा घ्यायचा होता, आयुष्यभर विड्या वळून त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्यात, दोनदा नुसता निळा डाग उमटला. तिसऱ्या वेळेला दिरांनी त्यांचा अंगठा स्वतःच्या रुमालाने पुसला, हात धरून हळू दाबला, तेव्हा उमटला. जाताना भाकरीची चार पाकिटं घेऊन गेले.

१२ जानेवारी २०२३ ला अर्ज ऑनलाईन गेला. प्रकल्पाचा आकडा असा, ड्रायर ९६,०००, दोन एचपीची चक्की ३१,०००, तीन तव्यांची भट्टी २२,०००, स्टीलचं टेबल आणि रॅक २६,०००, सीलिंग मशीन १५,०००, वजनकाटा ४,५००. एकूण १,९४,५००. माझा वाटा १९,४५०. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर फाईल फेब्रुवारीच्या शेवटी आली आणि मंजूर होऊन बँकेकडे गेली. माझ्या समजुतीप्रमाणे झालं सगळं. कमिटीची मंजुरी म्हणजे फक्त शिफारस आहे, पैसा बँक देते आणि बँक स्वतःचं वेगळं बघते, हे नंतर कळलं.

मार्चमध्ये बँकेत गेले, मार्च एंड आहे एप्रिलमध्ये या. एप्रिलमध्ये मॅनेजर साहेबांची बदली. नवीन साहेब म्हणाले मला फाईल वाचू द्या. मेमध्ये तीन वेळा गेले, एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा म्हणाले बघतो. प्रत्येक चकरेला निम्मा दिवस जातो, त्या दिवशी भाकरी होतात ६० नाहीतर ७०, म्हणजे रिक्षाचे पैसे वेगळे आणि बुडालेली मजुरी वेगळी. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला वाट बघणं सगळ्यात महाग पडतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ३० मेला ऑनलाईन दिसलं, अर्ज नामंजूर, कारण तुमचा भाग आमच्या शाखेच्या कार्यक्षेत्रात येत नाही. पहिल्याच दिवशी पत्ता बघून सांगता आलं असतं. मी त्या दिवशी घरी येऊन काही बोलले नाही, पीठ मळलेलं तसंच झाकून ठेवलं आणि झोपले.

डीआरपींनी ५ जूनला दुसऱ्या बँकेचं नाव टाकून फाईल परत पाठवली. तुम्ही मात्र अर्ज करण्याआधीच आपला भाग कुठल्या शाखेकडे येतो ते विचारून तिथंच खातं काढा.

२१ जूनला दुसऱ्या बँकेच्या मॅडम घरी बघायला आल्या, वरनं पाऊस चालू. मी त्यांना दोन डबे उघडून दाखवले, एकात त्या दिवशीच्या भाकरी, दुसऱ्यात चार दिवसापूर्वीच्या. त्यांनी दुसऱ्या डब्यातली एक हातात घेतली, ती वाकली. म्हणाल्या ड्रायर का पाहिजे ते कळलं. मग विचारलं धंदा किती होतो ते कशावरनं समजायचं. मी वही दिली. वही बघितली पण स्टेटमेंट मागितलं.

इथं एक गोष्ट माझ्या बाजूने होती आणि ती डीआरपींनी पहिल्या भेटीत सांगितली होती म्हणून. नोव्हेंबर २०२२ पासून मी सगळ्या दुकानदारांना सांगितलं होतं की पैसे क्यूआरवर टाका, रोख नको. दोन दुकानदार रोखच द्यायचे, ते पैसे मी शनिवारी बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या माणसाकडे, जाऊन खात्यात भरायचे, तीनशे असोत की आठशे, आणि मग लागतील तसे काढायचे. सात महिन्याचं स्टेटमेंट झालं होतं, महिन्याला चौदा ते अठरा हजार जमा. आयटीआर नाही, तारण नाही, पगार नाही, पण हे होतं. मॅडम म्हणाल्या तुमच्या फाईलमध्ये आम्हाला बघायला हेच आहे. तुमच्याकडे आज काहीही नसलं तरी उद्यापासून हे एक चालू करता येतं, याला एक रुपयाही लागत नाही, फक्त सहा-सात महिने जावे लागतात. म्हणून कर्जाचा विचार नंतर करा, खात्यातनं व्यवहार आजपासून करा.

१८ ऑगस्ट २०२३ ला मंजुरीचं पत्र मिळालं. १,७५,०५० रुपये कर्ज, पाच वर्ष, हप्ता ३,७६० च्या आसपास. योजनेचं तीन दिवसांचं ट्रेनिंग केलं, त्यात लेबलवर काय काय लागतं ते नीट कळलं, वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खायचं, लायसनचा १४ आकडी नंबर, पत्ता, फोन आणि हिरवा ठिपका. त्याआधी मी नुसता नावाचा कागद घालत होते. काटासुद्धा दरवर्षी पासिंग करून घ्यावा लागतो.

माझा वाटा १९,४५०. दीड वर्षात ११,२०० साठवले होते, भिशी आणि पोरांच्या वाढदिवसाचे आलेले सगळे धरून. जूनमध्ये फी भरायची होती तेव्हा त्यांना हात लावायची वेळ आली होती, मिस्टरांनी ओव्हरटाईम करून ती वेळ टाळली. राहिलेले ८,२५० गटातून घेतले. वर बँकेच्या करारपत्राचा स्टॅम्प, विमा असं मिळून २,१५० लागले, हे कुणीच आधी सांगत नाही. कर्जाचे पैसे आपल्या हातात येत नाहीत, आपला वाटा आणि बँकेचे पैसे मिळून सरळ मशीनवाल्याच्या खात्यात जातात. ४ सप्टेंबरला गेले आणि मशीन यायला ६ ऑक्टोबर झाला. गाडीभाडं आणि हमाली कोटेशनमध्ये नव्हती, ३,००० रुपये दारात मोजावे लागले. कोटेशन घेताना "घरपोच" असं लिहूनच घ्या.

ड्रायरला घरचा मीटर पुरत नव्हता, लोड वाढवून मीटरचा प्रकारही बदलावा लागला, आणि मीटर परत सासऱ्यांच्या नावावर. तेच संमतीपत्र इथं कामाला आलं. डिपॉझिट, वायरिंग सगळं मिळून ४,९००, महिना गेला. हे काम मंजुरीपत्र मिळालं त्याच दिवशी सुरू करायला पाहिजे होतं.

१५ ऑक्टोबर २०२३, घटस्थापना. पहिला ट्रे लावला. सासूबाईंनी ड्रायरला हळदकुंकू वाहिलं.

त्या रात्री वहीची बेरीज केली. आधारपासून हमालीपर्यंत किरकोळ किरकोळ म्हणून गेलेले १३,९९०, त्यात झेरॉक्सचेच ६४० आणि रिक्षा-बसचे १,८००. माझा वाटा धरला तर ३३,४४०. चकरा ३७. बुडालेले दिवस यात धरलेच नाहीत. अर्ज फुकट असतो हे खरं आहे पण हा खर्च कुठून करायचा याची तयारी आधी ठेवा, मला तो तुकड्या-तुकड्याने करता आला म्हणून झाला.

अनुदानाबद्दल पण एक सांगते कारण यात खूप गैरसमज आहे. अनुदान रोख मिळत नाही. माझे ६८,०७५ रुपये फेब्रुवारी २०२४ मध्ये आले ते बँकेत कर्जाला जोडलेल्या वेगळ्या खात्यात. तिथं ते तीन वर्ष राहतात, तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि तीन वर्ष हप्ते वेळेवर गेले आणि धंदा चालू असला तर कर्जात वळते होतात. म्हणजे अनुदान येईल आणि त्यातनं उधारी फेडू असा हिशेब कुणी करू नका, आमच्या ओळखीत एकाने केला आणि अडकला.

माझी स्वतःची मोठी चूक खेळत्या भांडवलाची झाली. मशीनच्या नादात ते मागितलंच नाही. मशीन आली तेव्हा ज्वारी ५५ रुपये किलो झाली होती, दुकानदार पैसे पंधरा दिवसांनी देतात, आणि माझ्याकडे ज्वारी घ्यायला पैसे नाहीत. नवी चक्की, नवा ड्रायर आणि चार दिवस सगळं बंद. ओळखीच्या आडत्याने एक क्विंटल उधार दिली म्हणून दिवाळीचा माल निघाला. प्रोजेक्ट रिपोर्ट करतानाच निदान दोन महिन्याच्या कच्च्या मालाचे पैसे त्यात मांडायला सांगा.

आता रोज नऊ किलोच्या भाकरी होतात. शेजारच्या दोघीजणी दुपारी पॅकिंगला येतात. हप्ता पाच तारखेला जातो, एकही चुकलेला नाही. यंदा जूनमध्ये पाऊस चांगला लागला, त्या मोठ्या दुकानदाराकडे मी मुद्दाम आठव्या दिवशी गेले आणि त्याला पाकीट फोडून बघायला सांगितलं. त्याने भाकरी मोडली, दोन तुकडे झाले, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला उद्यापासून दहा पाकिटं जास्त ठेवा.

वारस नोंदीचा अर्जही दिलाय, दिरांच्या आणि नणंदेच्या सह्या घेऊन. त्याची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. आणि ती वहिनी, जिच्यामुळे हे लिहायला बसले, तिच्या पिशवीतली सगळी कागदं मी बघितली, आधारचा नंबर बंद आहे. उद्या सकाळी साडेसहाला तिला घेऊन केंद्रात जायचंय.